व्हॅरम पर्सी ओस कसं पडलं? प्लेगचा वाटा किती, मेंढरांचा किती

काळी_पांढरी

इंग्लंडमधल्या उजाड मध्ययुगीन गावांचा विषय निघाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "१३४९ च्या प्लेगात माणसं मेली आणि गाव संपलं." दुसऱ्या धाग्यावर परवा हेच वाचलं, म्हणून हा वेगळा धागा.

तिकडे अशी सुमारे ३,००० गावं नोंदलेली आहेत. त्यांत सगळ्यात कसून तपासलेलं गाव म्हणजे यॉर्कशायरमधलं व्हॅरम पर्सी. हे गाव यॉर्कशायर वोल्ड्सच्या खडूच्या पठारावर, माल्टन शहराच्या आग्नेयेला साधारण १० किमीवर आहे. अर्थशास्त्रीय इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड १९४८ मध्ये तिथं पहिल्यांदा पोचले, १९५० मध्ये कुदळ लागली, मग पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट येऊन मिळाले आणि १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात काही आठवडे खणणं चालू राहिलं. चाळीस हंगाम! एका खेड्यासाठी.

आपल्या महसुली भाषेत अशा गावाला 'बेचिराख' म्हणतात, म्हणजे जिथं दिवा लागत नाही ते. आपल्याकडचा काळी-पांढरीचा भेद इथंही चपखल बसतो. पांढरीवर म्हणजे वस्तीच्या जागेवर प्रत्येक कुळाची रस्त्याकडेला घराची आवारी, तिच्या मागे लांबट परसू, आणि त्यापलीकडे सगळ्यांची मिळून काळी, म्हणजे शेतजमीन. समोरासमोर घरांच्या रांगा, मधे गायरानासारखी मोकळी जागा, दोन जमीनदारांचे दोन वाडे, खाली दरीत चर्च आणि त्याच्या दक्षिणेला तळं. आज उभं आहे ते पडकं चर्च आणि एक नंतरची, शेतमजुरांसाठी केलेली घरांची ओळ. बाकी सगळं गवताखालचे उंचवटे.

आता सनावळी. १०८६ च्या डूम्सडे या इंग्लंडच्या जमिनींच्या नोंदवहीत गाव आहे. पुढे पर्सी घराणं आलं (नाव त्यावरूनच), आणि १२५४ मध्ये त्यांनी दुसऱ्या वाड्याच्या चेंबरलेन घराण्याचा हिस्साही घेतला. १३१५ ते १३१७ मोठा दुष्काळ. १३२२ मध्ये स्कॉट फौजा यॉर्कशायरमध्ये घुसल्या. १३२३ च्या मिळकत-चौकशीत गावची बरीच जमीन पडीक लिहिली आहे, म्हणजे प्लेगच्या पाव शतक आधीच! १३४९ मध्ये प्लेग, त्यात तेव्हाचा जमीनदार वॉल्टर हेझलर्टनही गेला. तरीही १३६८ मध्ये सुमारे ३० घरांत माणसं राहत होती.

तीस घरं नांदत असलेल्या गावाला 'प्लेगनं संपलेलं' कसं म्हणायचं?

सरीवरंबा

बरोबर, पण गोष्ट अर्धी राहिली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला गाव हिल्टन घराण्याकडे गेलं. १४८८ नंतरच्या काही वर्षांत हिल्टननं उरलेल्या चार कुळांना काढलं. १५१७ च्या सरकारी चौकशीत नोंद आहे: चार घरं पाडली, चार नांगर बंद झाले. ही चौकशी राजा आठव्या हेन्रीचा मंत्री कार्डिनल वुल्झीनं नेमली होती, कारण १४८९ चा गावं ओस पाडण्याविरुद्धचा कायदा कागदावरच राहिला होता.

'नांगर बंद होणं' हे त्या कागदांतलं मोजमाप आहे. नांगर म्हणजे बैलांची पूर्ण जोत, आणि त्यावर पोट असलेलं अख्खं कुटुंब. नांगराची जमीन गवताखाली घातली की तिथं एक मेंढपाळ आणि एक कुत्रं पुरतं. मजुरी महागलेली, धान्याचा भाव पडलेला, लोकरीला गिऱ्हाईक पक्कं. हिशेब सरळ होता.

उंबरठा

मग मेंढरांनी खाल्लं असं म्हणा ना. प्लेगचा काय संबंध उरला?

काळी_पांढरी

@उंबरठा, तीसवरून चारवर गाव कसं आलं हा खरा प्रश्न. हिल्टननं तीस कुळं हाकलली नाहीत, चार हाकलली. मधली सव्वाशे वर्षं गाव आपणहून पाझरत होतं.

प्लेगनंतर माणसं कमी, जमीन मुबलक. शेजारच्या गावात चांगली जमीन कमी खंडानं रिकामी पडलेली असेल तर पठारावरच्या पातळ मातीत कोण राबेल? कुळं उठून जायची. जी उरली ती शेजारची आवारी आपल्यात जोडून घ्यायची. बेरेसफर्ड यांचा भर जमीनदाराच्या हाकलण्यावर होता. पुढे इतिहासकार ख्रिस्तोफर डायर यांनी मिडलंड्सच्या (मध्य इंग्लंडच्या) कागदांवरून दाखवलं की बहुतेक ठिकाणी गाव आधीच खिळखिळं झालेलं असायचं आणि जमीनदाराचा धक्का शेवटचा असायचा. मला डायर यांचं म्हणणं व्हॅरमला जास्त लागू वाटतं.

सरीवरंबा

सगळीकडे नाही पण. वॉरिकशरमधलं स्ट्रेटन बास्करव्हिल बघा. १४९४ मध्ये हेन्री स्मिथनं ६४० एकर नांगरटीची जमीन कुंपणात घेतली आणि ८० माणसं बाहेर काढली. चर्चमध्ये गुरं बांधली जाऊ लागली. हे पाझरणं नव्हे.

आणि प्लेगनं खरोखर संपलेलं गावही आहे: ऑक्सफर्डशरमधलं टिल्गार्स्ली. १३५९ मध्ये कर वसूल करणाऱ्यांनी लिहून दिलं की १३५० पासून तिथं कुणी राहतच नाही, कर कुणाकडून घेणार? पण अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकी. तिसरा प्रकार फार उशिराचा: डॉर्सेटमधलं मिल्टन ॲबस अठराव्या शतकात जमीनदाराच्या बागेच्या आड आलं म्हणून पाडलं, आणि १९४३ मध्ये इंबर, टाइनम ही गावं लष्करी सरावासाठी रिकामी केली. ती या धाग्यात नकोत.

तळखडा

इतिहास झाला असेल तर घरांकडे वळू या, कारण व्हॅरमची सगळ्यात मोठी चूक घरांबद्दल झाली आणि ती जवळजवळ पस्तीस वर्षं टिकली.

क्रमांक १० च्या आवारीत १९५३ पासून खणणं सुरू झालं. त्या वेळी ब्रिटनमध्ये व्हीलर पद्धत चालायची: चौकोनी खड्डे, मधे मातीचे बांध, बांधाच्या उभ्या कापात थर वाचायचे. (हेच मॉर्टिमर व्हीलर १९४४ ते १९४८ आपल्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते, आपली एक पिढी त्याच पद्धतीवर शिकली.) खडूच्या दगडाच्या अर्ध्या फुटी भिंतीसाठी ही पद्धत कुचकामी. भिंत बांधाखाली गेली की हरवली, आणि दोन खड्ड्यांत दिसलेली ओळ एकच आहे का दोन, हे कळेना. म्हणून हर्स्ट यांनी डेन्मार्कच्या स्टीन्सबर्ग यांची पद्धत आणली: बांध नाहीत, सगळी आवारी एकदम उघडायची, पाच-पाच फुटांच्या जाळीवर प्रत्येक दगड कागदावर उतरवायचा, मगच तो थर काढायचा.

निघालं काय? एकावर एक भिंतींचे अवशेष, प्रत्येकाची दिशा थोडी वेगळी. अर्थ लावला गेला: घरं इतकी तकलादू की दर पिढीला पाडून नव्यानं बांधायची. दुसरीकडे मोठी पाठ्यपुस्तकं लिहिली गेली ती यावर: मध्ययुगीन शेतकरी म्हणजे झोपडीत राहणारा.

१९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट रॅथमेल यांनी तेच नकाशे पुन्हा तपासले. त्यांचा मुद्दा: भिंत छपराचं वजन घेतच नव्हती. वजन घ्यायच्या लाकडाच्या कैच्या. एक वाकडं झाड उभं चिरायचं, म्हणजे आरशात बघितल्यासारखे दोन अर्धे मिळतात. ते जमिनीपासून आढ्यापर्यंत एकमेकांवर टेकवून उभे करायचे आणि आडव्या लाकडानं जोडायचे. दोन कैच्यांमधलं अंतर म्हणजे आपला एक 'खण'. तिथं तो साधारण चार ते पाच मीटरचा. कैचीचा पाय तळखड्यावर, म्हणजे खालच्या सपाट दगडावर. मग मधली भिंत पडली काय, ओल लागून भुसभुशीत झाली काय, छप्पर जागेवर. पडलेला तेवढाच तुकडा काढायचा आणि थोडा आत-बाहेर सरकवून परत रचायचा. खणणाऱ्यांना जी 'दहा घरं' दिसली ती एकाच घराची दुरुस्ती होती.

कंदील

@तळखडा, भिंत इतक्या वेळा का पडायची पण?

तळखडा

दगडामुळे. तिथला दगड म्हणजे खडू, पाणी पितो. हिवाळ्यात आतलं पाणी गोठलं की फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. शाकारणी वेळेवर केली, वळचण भिंतीच्या चांगली पुढे काढली तर टिकतो. वळचण गळायला लागली की दोन-तीन हिवाळ्यांत पायथा गेलाच.

आणि तळखडे जमिनीच्या पृष्ठावर बसवलेले असल्यामुळे त्यांना खड्डा नसतो. गाव उठलं की लाकूड (तेच महाग) काढून नेलं जायचं, तळखडाही कुणीतरी उचलायचा. खणताना हातात काय उरणार? भिंतीचा पायथा. म्हणून फसगत झाली.

घराचा आकारही सांगतो. रुंदी ५ ते ६ मीटर, लांबी १५ मीटरपासून, काही २५ च्या आसपास. मधोमध आरपार बोळ, समोरासमोर दोन दारं. एका बाजूला माणसं, मधे उघडी चूल, धूर शाकारणीतून बाहेर. दुसऱ्या बाजूला गुरं. तो भाग नेहमी उताराकडे, म्हणजे मूत आणि पाणी माणसांकडे येत नाही.

उंबरठा

घरात वस्तू फारशा सापडल्या नाहीत असं वाचलं आहे. मग गरिबी खरीच ना?

कंदील

त्याचं उत्तर जमिनीतच आहे. काही घरांची भुई मधे खोलगट, कढईसारखी झिजलेली निघाली. झाडून झाडून. रोज झाडल्यावर फुटलेलं खापर घरात राहील कसं? ते उकिरड्यावर जायचं. उकिरड्यातलं खत शेतात जायचं. म्हणून घराच्या आत खापरं कमी आणि एक किलोमीटर दूरच्या नांगरटीत पसरलेली!

नांगरलेल्या शेतात खापरं वेचून 'इथं गाव होतं' म्हणणारे नेमके इथंच चुकतात. ओळखायचं असं: खताबरोबर आलेलं खापर नखाएवढं, कडा गोल झालेल्या, आणि सगळ्या शेतभर विरळ पसरलेलं. वस्तीचं खापर मोठं, कडा धारदार, एका ठिकाणी दाट, सोबत जळका दगड आणि हाडं. वेचताना १० किंवा २० मीटरवर समांतर ओळी आखून चालायचं आणि प्रत्येक ओळीची पिशवी वेगळी ठेवायची. पिशव्या एकत्र केल्या की सगळी माहिती मातीमोल. व्हॅरमच्या बाजूला मिळणारं नेहमीचं खापर स्टॅक्सटन या गावचं, खरबरीत, वाळू जाणवणारं. एकदा हात बसला की डोळे मिटून ओळखता येतं.

सरीवरंबा

काळीबद्दल कुणी बोललं नाही अजून. माझं नावच शेतातलं, तेव्हा मीच लिहितो.

हवाई फोटोत अशा गावाभोवती कंगव्यानं विंचरल्यासारखे पट्टे दिसतात. ही सरी-वरंब्याचीच मोठी आवृत्ती, पण मुद्दाम केलेली सरी नव्हे. नांगरायच्या रीतीतून आपोआप झालेली. तिथला जड नांगर म्हणजे पलटी नांगर, आणि त्याची फळी पक्की: माती कायम उजवीकडेच पडणार. पट्ट्याच्या मध्यरेषेवर पहिलं तास (नांगराची रेघ) घालायचं, टोकाला उजवीकडे वळून त्याला लागूनच उलट दिशेनं दुसरं. दोन्ही तासांची माती मधे पडते. असंच गोल गोल बाहेर यायचं. शेवटचं तास पट्ट्याच्या कडेला, तिथं खोल चर राहते. दरवर्षी हेच केलं की मधला भाग चढत जातो. पाणी चरीतून निघून जातं, तोही फायदा.

पट्ट्याची रुंदी ५ ते १० मीटर, टोकं किंचित वळलेली, उलट्या 'एस' सारखी. कारण आठ बैलांची जोत. चार जोड्या एकामागे एक म्हणजे लांबलचक लवाजमा. टोकाशी पोचून मग वळवू म्हटलं तर पुढचे बैल शेजाऱ्याच्या शेतात. म्हणून आधीपासूनच डावीकडे ओढ घ्यायची.

आपल्या सात-बाराशी याचं नातं आहे. न थांबता ओढायचं एक तास २२० यार्ड, असे २२ यार्ड रुंदीचं नांगरलं की ४,८४० चौरस यार्ड, म्हणजे एक एकर. दिवसाचं काम, निदान कागदावर. हाच एकर इंग्रजांनी इकडे आणला. १२१ चौरस यार्डांचा गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, गुणून बघा.

एक सावधगिरी. सरळसोट, पाच मीटरहून अरुंद आणि टोकं न वळलेले पट्टे दिसले तर ते बहुधा एकोणिसाव्या शतकातले. मध्ययुगीन समजून आनंद करू नये.

काळी_पांढरी

चर्चचं राहिलं. गाव ओस पडलं तरी सेंट मार्टिनचं चर्च चालू राहिलं, कारण ते एकट्या व्हॅरमचं नव्हतं. थिक्सनडेल, रेस्थॉर्प, टाउथॉर्प, बर्डेल ही गावंही त्याच पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली. दहाव्या शतकात लाकडी, मग लहान दगडी, मग मोठं. बारावं संपता संपता दक्षिणेला आणि तेरावं लागल्यावर उत्तरेला पाखं (बाजूच्या ओवऱ्या) जोडली. लोक कमी झाले तशी पाखं काढून टाकली आणि कमानी बुजवल्या. बुजवलेल्या कमानी आजही भिंतीत स्पष्ट दिसतात. लोकसंख्येचा आलेखच म्हणा, दगडात काढलेला. थिक्सनडेलला १८७० मध्ये स्वतःचं चर्च झालं आणि इथली वर्दळ संपली. १९५९ मध्ये मनोऱ्याचा भाग कोसळला.

कंदील

चर्चच्या आवारातून जवळजवळ ७०० सांगाडे निघाले. खेड्यातल्या साध्या माणसांचा इतका मोठा संच इंग्लंडमध्ये क्वचितच मिळतो. हाडांचे अभ्यासक सायमन मेज यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. दोन-तीन गोष्टी लक्षात राहण्यासारख्या:

मुलं आजच्या त्याच वयाच्या मुलांपेक्षा बरीच खुजी, पण प्रौढांत तेवढा फरक नाही. वाढ सावकाश, पण जास्त वर्षं चालायची. हाडांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून (हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून) कळतं की अंगावरचं दूध दोन वर्षांच्या आत सुटायचं. एका चाळिशीच्या माणसाच्या कवटीला जबर मार बसला होता. तिथलं हाड कुणीतरी कापून काढलं आणि ती जखम भरून आली आहे. म्हणजे तो त्यानंतर जगला.

आणि २०१७ मध्ये गाजलेली बातमी: निदान दहा जणांची १३७ हाडं, अकरावं ते चौदावं शतक, काहींवर सुरीच्या खुणा, काही जळलेली. ही चर्चपाशी नाही, वस्तीतल्या खड्ड्यांत सापडली होती.

उंबरठा

नरमांसभक्षण?

कंदील

तीही शक्यता तपासली. मांस सोडवायचं तर खुणा मोठ्या स्नायूंच्या जोडांवर दिसायला हव्यात; इथं त्या डोकं आणि मान यांच्या आसपास जास्त. परके लोक असावेत का? दातांतल्या स्ट्रॉन्शियमवरून (लहानपण कुठल्या मातीवर गेलं ते त्यातून कळतं) तीही शंका फिटली, माणसं आसपासचीच. उरला तो अंदाज: मेलेला उठून येऊ नये म्हणून प्रेताचं डोकं वेगळं करणं आणि जाळणं. यॉर्कशायरमध्येच, बाराव्या शतकात, न्यूबर्गच्या विल्यम नावाच्या धर्मगुरूनं असे उठलेले मुडदे आणि त्यांचा बंदोबस्त यांची वर्णनं लिहिली आहेत. संशोधकांनी 'सिद्ध' असा शब्द वापरलेला नाही, वर्तमानपत्रांनी वापरला.

नवा_भिडू

धागा वाचून काढला, मस्त. मी लीड्सजवळ राहतो. अशी गावं घरबसल्या शोधायची असतील तर सुरुवात कुठून करू?

सरीवरंबा

@नवा_भिडू, आधी कागद, मग जमीन.

गावाचं नाव १३३४ च्या कराच्या यादीत आहे का आणि रक्कम किती, ते बघा. मग १३५२ नंतर मिळालेली करसूट, १३७७ चा डोईपट्टीचा आकडा, आणि १४२८ ची यादी, जिच्यात दहापेक्षा कमी घरांच्या पॅरिशना सूट होती. १३३४ मध्ये ठणठणीत आणि १४२८ मध्ये सूट म्हणजे गाव पाझरत होतं. १४२८ लाही ठीक आणि १५१७ च्या चौकशीत नाव म्हणजे जमीनदाराकडे बोट. एका यादीत नाव नाही एवढ्यावरून गाव मेलं म्हणू नका. पुष्कळदा शेजारच्या गावात जोडून लिहिलेलं असतं.

मग लायडार, म्हणजे विमानातून लेझरनं मोजलेली जमिनीची उंची. पर्यावरण खात्याचा १ मीटरचा डेटा फुकट उतरवता येतो, क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममध्ये उघडा. सगळे एक चूक करतात: सावलीचा नकाशा एकाच दिशेच्या प्रकाशात बनवतात, वायव्येच्या, कारण तोच आधीपासून निवडलेला असतो. वायव्य-आग्नेय जाणारा बांध मग दिसतच नाही, कारण त्याची सावली पडत नाही. निदान चार दिशांनी करा, आणि प्रकाशाचा कोन २० ते ३० अंशांपर्यंत खाली आणा. शोधायचं काय? खोल गेलेली वाट (शतकानुशतकं गाड्या गेल्यानं रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली गेलेला असतो), तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या रुंदीच्या आवाऱ्या, मागे परसू, आणि परसवाच्या बांधापाशी थांबणारे नांगरटीचे पट्टे. पट्टे जिथं थांबतात तिथं पांढरी सुरू. रानात एकटं चर्च दिसलं तर त्याच्याभोवती आधी बघा.

तळखडा

जागेवर जायचं तर डिसेंबर-जानेवारीत, दुपारी तीनच्या सुमारास. ऊन तिरपं असतं. पातळ बर्फ किंवा दहिवर असेल तर आणखी चांगलं, चरींत टिकून राहतं आणि नकाशा काढून ठेवल्यासारखा दिसतो. जूनमध्ये गवत गुडघाभर, काहीही कळत नाही.

मेटल डिटेक्टर नेऊ नका. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय तो चालवणं १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, नुसता चालवणंसुद्धा, खणलं नाही तरी.

नवा_भिडू

आणि व्हॅरमला? तिकीट वगैरे?

काळी_पांढरी

तिकीट नाही, इंग्लिश हेरिटेज या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे, उजेड असेपर्यंत केव्हाही जा. गाडी वर लावायची आणि साधारण सव्वा किलोमीटर पायी उतरायचं. पाऊस झाला असेल तर खडूची वाट साबणासारखी होते, तळव्याला खाचा असलेले बूट घाला. आधी तळ्याकडे आणि चर्चकडे जाण्यापेक्षा वरच्या पश्चिमेच्या रांगेवर चढा. तिथं खणलेल्या घरांच्या कडा गवतात आखून ठेवल्या आहेत, मग बाकीचे उंचवटे आपोआप वाचता येतात. फाटकं लावून घ्या. गुरं चरत असतात.